चहानंतरचे आठ नग

मायक्रोमीटरची खुट्टी तीनदा कटकटते, मग थांबायचं.
तेवढाच दाब. त्याहून जास्त पिळलं
तर लोखंडही आपल्याला हवं ते बोलतं.
हे निर्भवणे मास्तरांचं, सातपूरच्या आयटीआयमधलं:
"मोजणाऱ्याचा हात आधी मोजायचा, पोरा."

आमचा बुश पंचवीस मिलिमीटरचा.
दहा मायक्रॉन वर, दहा खाली, एवढीच मुभा.
केस सत्तर मायक्रॉनचा धरा;
त्याच्या सातव्या हिश्श्यावर
अंबडमधल्या आमच्या शेडचा पगार होतो.

नोव्हेंबरपासून तक्त्यावरचे ठिपके वागेनात.
मधल्या रेघेचं बोट धरून चालणारी ओळ
तिसऱ्या पाळीत एकदम कुंपण ओलांडायची,
आठ ठिपके बाहेर,
आणि परत शहाण्यासारखी आत.
मशीन नंबर चार. ऑपरेटर दौलत भामरे.
मीटिंगमध्ये कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं:
कामगाराचे दुर्लक्ष.
दोन शब्द. सगळ्यांना पुरले.
दौलतचा इन्सेंटिव्ह बंद झाला.
तो काही म्हणाला नाही,
फक्त डबा एकट्यानं खायला लागला, कंप्रेसरच्या मागे.

डिसेंबरात मी एक रात्र थांबलो.
चारच्या समोर स्टूल टाकलं.
पाचात एक काढा, असं पुस्तक म्हणतं,
मी एकही नग सोडला नाही.
पुसायचा, मोजायचा, लिहायचा.
निफाडकडून निघालेली थंडी
शटरच्या फटीतून आत येऊन पायाशी बसलेली.

तीनला भोंगा. चहा.
दौलतनं मशीन बंद केलं.
दार सरकवून मी चकला हात लावला,
गाभण गाईच्या कुशीसारखं ऊबदार.
बारा मिनिटांनी पुन्हा लावला:
नुसतं लोखंड.

पहिला नग चौदा वर.
दुसरा चौदा.
तिसरा, चौथा तेरा.
आठवा अकरा.
नववा कोणी काही न करता रेषेत आला.

का? स्पिंडल गार पडला.
का? मशीन बंद होतं.
का? चहाला बंद करायचं, असा नियम आहे.
का? वीज वाचते.
पाचव्या 'का'ला मी मान वर केली.
समोर बोर्ड. जुलै महिन्याची सर्वोत्कृष्ट सुधारणा.
फोटोत प्रेशर कुकर छातीशी धरून
हसणारा मी.
महिन्याला चारशे युनिट.
त्याच कुकरात आमच्याकडे रोज भात होतो.

फॉर्म भरला. मूळ कारण: माझं नाव.
खैरनार मॅडम म्हणाल्या, माणसाचं नाव लिहायचं नसतं हो,
प्रक्रिया लिहा.
मी विचारलं, आणि दौलतच्या वेळी?
त्यांनी पेनाला टोपण लावलं,
काढलं, परत लावलं.

आता चहाच्या वेळी चार नंबर रिकामं फिरत राहतं.
ठिपके घरी आले. चारशेतले काही युनिट परत गेले.
फोटो अजून बोर्डवर आहे, उतरवायचं काम कोणाचं
ते कोणत्याच कागदावर नाही.
दौलतचा फरक अकाउंट्समध्ये अडकलाय,
फेब्रुवारी म्हणतात.

मी डबा घेऊन कंप्रेसरमागे गेलो.
त्यानं भाकरीचा पदर काढून मेथीत बुडवला,
खाऊन झाल्यावर बोलला:
"गार झालं की ते रुसतं, हे मी जुलैतच सांगितलं होतं.
म्हणजे जुलैत नाही रुसायचं, पण थंडीत रुसेल म्हणून.
सुपरवायझर म्हणाला, आकडा आहे का?
आकडा कुठनं आणू, साहेब?
माझ्याकडे हात होता."

पाळी सुटायला वीस मिनिटं होती.
मी वही उघडली. या वाक्याला रकाना सापडेना,
तर समासात लिहिलं.
तारीख टाकली.